कोंडलेली हवा

सांगलीजवळच्या हरिपूर गांवीं हळद सांठविण्याचीं पेवें आहेत. जमिनीच्या पोटांत खोल खणलेलीं, तोंडाशीं अरुंद आणि खालीं घागरीप्रमाणें फुगत गेलेलीं हीं कोठारें कित्येक पिढ्या त्या गांवाची ओळख होऊन राहिलीं होतीं. २००५ च्या महापुरानें त्यांतलीं पुष्कळ निकामी केलीं. पेवांत काम करणाऱ्या माणसांचा एक जुना रिवाज असे. पेवाचें तोंड उघडलें कीं लागलींच कोणी आंत उतरत नसे. कांहीं वेळ तें तोंड उघडें ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खालीं सोडीत. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरे; विझला तर पेव तसेंच उघडें टाकून मंडळी परत जात. ज्यांनीं हा रिवाज पाळला त्यांनीं रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलें नव्हतें. पण कोंडलेली हवा ही मोकळ्या हवेची सख्खी बहीण नव्हे, एवढें त्यांना पक्कें ठाऊक होतें. आज सिमेंटच्या टाक्या बांधणारीं व त्या साफ करवून घेणारीं पुष्कळ शहाणीं माणसें तेवढेंही ध्यानांत ठेवीत नाहींत, आणि त्याची किंमत मात्र दुसराच कोणी देतो.

मीरा-भाईंदरचेंच उदाहरण घ्या. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, मिठागरें, खाजण आणि कोळीवाडे यांच्यामध्यें पसरलेला हा मुलूख. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत येथील वस्ती आठ लाखांच्या वर गेलेली आढळली. एवढीं माणसें इमारतींत राहावयाचीं म्हणजे प्रत्येक इमारतीखालीं पिण्याच्या पाण्याची टाकी आली, मैल्याची टाकी आली, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि त्यांवरचीं झांकणें आलीं, मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करण्याचें केंद्र आलें. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलचीं भांडीं बनविणारे कारखाने आहेत. धातु चकचकीत करावयाचा तर तेजाबाच्या टांक्या आल्या. उत्तन, पाली, चौक येथील मच्छीमारांच्या होड्यांना मासळी व बर्फ सांठविण्याचे खण असतात. माणूस वर राहतो, चालतो, जेवतो. आणि त्याच्या पायांखालीं हें दुसरें, काळोखाचें शहर पसरलेलें असतें. वरच्या शहराचा नकाशा सर्वांस पाठ असतो. खालच्याची आठवण तें तुंबल्यावरच होते.

ज्या जागेंत माणूस अंग आंखडून कां होईना शिरूं शकतो, पण जी त्याच्या वावरासाठीं बांधलेलीच नसते, जिच्यांतून बाहेर पडण्याची वाट एकच व अडचणीची असते, आणि जेथें वारा खेळत नाहीं, ती कोंडलेली जागा. मैल्याची टाकी तशीच, धान्याचें पेव तसेंच, जहाजाचा तळ, बॉयलरचें पोट, जुनी विहीर, पाण्याची नवी कोरी टाकीही तशीच. अशा जागीं धोका केवळ हवेचा असतो असें मात्र नाहीं. सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या बोगद्यासाठीं वसई खाडीच्या पलीकडे ससूनवघरजवळ खणलेल्या खोल विवरांत मे २०२४ च्या अखेरीस माती कोसळली आणि पोकलेन यंत्राचा चालक यंत्रासह गाडला गेला. पाण्याचा लोंढा, विजेचा धक्का, वरून पडणारा दगड, हींही संकटें आहेतच. परंतु तीं डोळ्यांना दिसतात, निदान कल्पनेंत तरी येतात. हवा दिसत नाहीं, म्हणून येथें मुख्यतः हवेचाच विचार करावयाचा आहे.

ता. ९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार या दोन्ही शहरांसाठीं मिळून जें पोलीस आयुक्तालय आहे त्याच्या हद्दींत, विरारच्या ग्लोबल सिटी भागांतील एका खासगी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत सफाईसाठीं उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. त्याच दिवशीं, तेथून कोसोगणतीं दूर, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत नेवासें तालुक्यांतील वाकडी गांवीं एक मांजर पडक्या विहिरींत पडलें. ती विहीर पाण्याची राहिली नव्हती. गोबरगॅसचा शेणकाला सांठविण्यासाठीं ती वापरीत असत. मांजर काढावयास एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्याच्या मागून तिसरा, असे सहा जण उतरले. पांच मेले. सहावा वांचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. एके ठिकाणीं शहर, दुसरीकडे खेडें. एके ठिकाणीं ठेक्याचें काम, दुसरीकडे मुक्या प्राण्यावरची दया. परंतु मारणारी वस्तु एकच होती.

घाणीच्या जागीं घाणेरडी हवा असणार, तेव्हां स्वच्छ जागीं भय नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ता. ९ मार्च २०२५ रोजीं मुंबईच्या नागपाड्यांत बांधकाम चालूं असलेल्या एका इमारतीची पाण्याची टाकी साफ करण्यास उतरलेले चार मजूर मरण पावले. ती मैल्याची टाकी नव्हती. असल्या टाकींत काय घडूं शकतें हें नीट समजून घेण्याजोगें आहे. नव्या टाकींत सेंट्रिंगच्या फळ्या कित्येक दिवस ओल्या पडून राहतात, तळाशीं पाणी व भुसा कुजतो, आणि त्यावर वाढणारे सूक्ष्म जंतु टाकींतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. झांकण बंद असल्यामुळें नवी हवा येत नाहीं. लोखंडाची टाकी असेल तर गंज चढतांनाही ऑक्सिजन खर्च होतो. रिकाम्या, कोरड्या, बंद लोखंडी टाकींत केवळ गंजामुळें हवा निःसत्त्व झालेली आढळते. अशा जागीं दुर्गंध नाहीं, धूर नाहीं, डोळ्यांची आग नाहीं.

मोकळ्या हवेच्या शंभर भागांत ऑक्सिजन सुमारें २०.९ भाग असतो. तो १९.५ च्या खालीं गेला कीं ती हवा काम करण्यास अयोग्य समजतात. सोळाच्या आसपास आला कीं नाडी जलद चालते, हातापायांचा मेळ बिघडतो आणि, सर्वांत वाईट म्हणजे, विचारशक्ति मंदावते; आपलें कांहीं बिघडलें आहे हें कळण्याचीच शक्ति पहिल्यानें जाते. दहाच्या खालीं माणूस बेशुद्ध पडतो, आणि सहाच्या खालीं कांहीं मिनिटांत प्राण जातो. येथें निसर्गानें माणसाला एका बाबतींत असहाय ठेवलें आहे. नाक दाबून धरलें असतां जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसते. रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांठल्याची ती असते. ज्या हवेंत ऑक्सिजन नाहीं पण कार्बन डायऑक्साइडही फारसा नाहीं, तेथें श्वास सुरळीत चालतो, तगमग मुळींच होत नाहीं, आणि माणूस शिडीच्या मधल्या पायरीवरून तोंडांतून शब्द न काढतां खालीं कोसळतो. वरचे लोक म्हणतात, पाय घसरला असेल.

मैल्याच्या टाकींतील गोष्ट याहून निराळी आहे. तेथें ऑक्सिजन कमी असतोच, शिवाय विषही असतें. हवेवांचून जगणारे जंतु मैला कुजवूं लागले कीं त्यांतून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे वायु निघतात. मिथेन हवेहून हलका. तो झांकणाखालीं सांठतो आणि हवेंत पांच ते पंधरा टक्के मिसळला असतां ठिणगीनें भडकतो. म्हणून झांकण उघडतांना तोंडांत विडी नको. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. तो तळाशीं बसतो. हायड्रोजन सल्फाइडही हवेहून कांहींसा जड, आणि या तिघांत खरा मारेकरी तोच.

त्याचा वास सडक्या अंड्यासारखा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसेल तेव्हांच नाकाला तो कळतो, आणि म्हणून लोकांना वाटतें कीं नाक आहे तोंवर चिंता नाहीं. परंतु दहा लाखांत शंभर भाग झाले कीं वास घेणारी शक्तिच बधिर होते. वास एकाएकीं नाहींसा होतो. गाळांत उभा असलेला माणूस समजतो कीं घाण गेली, हवा सुधारली. प्रत्यक्षांत विष वाढलेलें असतें. सातशें ते हजार भागांपर्यंत पोचलें तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. याउलट, आठ तास काम करावयाचें तर दहा लाखांत दहा भागांच्या वर तें असूं नये असें मानतात. केवढें हें अंतर, आणि तें ओलांडण्यास किती थोडा गाळ ढवळावा लागतो! कारण हा वायु गाळाच्या पोटांत विरघळून व अडकून राहिलेला असतो. वरून हवा तपासली तेव्हां निर्दोष असते. फावडें गाळांत शिरलें कीं बुडबुडे सुटतात. पुष्कळ अपघातांत पहिलीं पांच-दहा मिनिटें सुखरूप गेलेलीं असतात.

खाडीकांठच्या गांवांना यांत एक जास्तीची अडचण आहे. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जंतु सल्फेट या क्षारावर जगतात, आणि समुद्राच्या पाण्यांत सल्फेट विपुल असतें. गोड्या पाण्याच्या प्रदेशांतील गटारापेक्षां ज्या गटारांत खारें पाणी झिरपतें त्या गटारांत हा वायु अधिक होण्याचा संभव असतो. मिठागरांच्या व खाजणाच्या भूमीवर वसलेल्या गांवानें हें विसरूं नये. मासळीच्या खणाचें तसेंच आहे. अनेक दिवसांच्या फेरीनंतर बर्फ वितळून तळाशीं जें पाणी सांचतें त्यांत मासळीचें रक्त व सांका मिसळलेला असतो. खण बंद, दिवस उन्हाळ्याचे. एका रात्रींत तें पाणी कुजूं लागतें. किनाऱ्याला लागल्यावर खण धुण्यास उतरणारा तरुण खलाशी आयुष्यभर मोकळ्या वाऱ्यावर राहिलेला असतो. हवेनेंच माणूस मरतो हें त्याला सांगूनही खरें वाटत नाहीं. खणाचीं सर्व झांकणें काढून, वरून पाण्याचा जोरदार झोत मारून, तळाचें पाणी पंपानें उपसून काढल्यावांचून आंत पाय घालूं नये, एवढा नेम प्रत्येक तांडेलानें घालून दिला तर पुष्कळ झालें.

मग पेवांतला तो कंदील कोठें कमी पडतो? कंदील ऑक्सिजन ओळखतो. हवेंत तो सोळा-सतरा टक्क्यांवर आला कीं ज्योत विझते. परंतु माणसाला मारण्यास पुरेसा हायड्रोजन सल्फाइड ज्या हवेंत आहे त्या हवेंत कंदील खुशाल तेवत राहतो. आणि जेथें मिथेन आहे तेथें उघडी ज्योत सोडणें म्हणजे स्वतःच्या हातानें दारू पेटविणें होय. कोळशाच्या खाणींतील याच अडचणीवर १८१५ सालीं हंफ्री डेव्ही यानें बारीक जाळीनें वेढलेला दिवा काढला. पुढें जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानें असें सुचविलें कीं खाणींत कॅनरी पक्षी न्यावा. लहान देहाचा व जलद श्वासाचा तो पक्षी विषारी वायूनें माणसाच्या आधीं पडतो. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धति जवळजवळ शंभर वर्षें चालली आणि १९८६ सालीं तिला रजा मिळाली. (याच हाल्डेनचे चिरंजीव, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, पुढें भारताचे नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) आज पक्ष्याची जागा मुठींत मावणाऱ्या यंत्रानें घेतली आहे. ऑक्सिजन, जळणारा वायु, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड या चारांची मोजणी तें एकाच वेळीं करतें आणि मर्यादा ओलांडली कीं ओरडतें. तें दोरीनें वर, मध्यें आणि तळाशीं अशा तिन्ही ठिकाणीं सोडून पाहावें लागतें, कारण हलका वायु वर व जड वायु खालीं बसलेला असतो. आणि एकदां पाहून खिशांत टाकावयाचें नसतें. आंतल्या माणसाच्या छातीशीं तें काम संपेपर्यंत चालूंच राहिलें पाहिजे.

परंतु यंत्राच्याही आधीं एक प्रश्न विचारावयाचा असतो, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. माणसानें आंत उतरलेंच पाहिजे काय? मैल्याची टाकी वरूनच नळी सोडून गाडींत ओढून घेतां येते. तुंबलेली वाहिनी पाण्याच्या दाबानें मोकळी करतां येते. पाण्याच्या टाकीचा तळ लांब दांड्याच्या साधनानें पुष्कळसा धुतां येतो. हें सर्व करूनही जें काम उरतें, तेवढ्यासाठींच उतरण्याचा विचार करावा. आणि मैल्याच्या टाकीच्या व गटाराच्या बाबतींत हा केवळ शहाणपणाचा प्रश्न नाहीं. २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमानें गटार व मैल्याची टाकी यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई केली आहे. ती मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हां केल्यास पांच वर्षें व पांच लाखांपर्यंत मजल जाते.

जेथें उतरणें अटळ आहे, उदाहरणार्थ कारखान्यांतील टांकी दुरुस्त करावयाची आहे, तेथें पहिली गोष्ट म्हणजे ती टांकी बाकीच्या जगापासून तोडणें. येणाऱ्या नळाचा वॉल्व्ह नुसता बंद करून भागत नाहीं. त्याला कुलूप लागावें व किल्ली उतरणाऱ्याच्या खिशांत राहावी. ढवळण्याच्या यंत्राची वीज तोडून तिलाही कुलूप. एक माणूस आंत वाकलेला असतांना दुसऱ्यानें सहजगत्या बटण दाबलें, असे प्रसंग घडतात, आणि त्यांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. त्यानंतर झांकणें उघडून टाकावयाचीं. गटार असेल तर कामाच्या ठिकाणचें एकच नव्हे, तर पुढचें व मागचेंही, आणि तीं निदान तासभर. तेवढ्यानें वारा खेळेल असा भरंवसा नाहीं, म्हणून पंख्यानें ताजी हवा नळीवाटे अगदीं तळापर्यंत पोचवावी लागते. पंखा तोंडाशीं ठेवून आंत फुंकर घातली तर वरची हवा वरच घुटमळते. कोणी अतिशहाणा ऑक्सिजनचा सिलिंडर आणून आंत सोडतो. हें कदापि करूं नये. ऑक्सिजन साडेतेवीस टक्क्यांच्या वर गेला कीं कपडे, तेल, केस हीं सर्व क्षणार्धांत पेट घेतात. पाणी उपसण्याचा पेट्रोलवर चालणारा पंप टाकींत उतरविणें हेंही तितकेंच घातक. त्याच्या धुरांतला कार्बन मोनॉक्साइड वास न देतां मारतो. टाकीला आंतून रंग अथवा पाणीरोधक लेप देणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं येथें विष ते स्वतःच डब्यांतून घेऊन जातात.

तोंडाला रुमाल बांधून उतरणें म्हणजे जाळ्यानें पाणी धरणें. दवाखान्यांतला मुखपट्टा धूळ अडवील. पण नसलेला ऑक्सिजन तो कोठून आणणार? खराब हवेंत जावयाचें तर बाहेरून नळीनें हवा पुरविणारें अथवा पाठीवर हवेचा सिलिंडर असलेलें साधनच पाहिजे.

आणि दोर. वाकडीच्या विहिरींतून वर आलेल्या एका माणसाचा दाखला पुरेसा बोलका आहे. तरीही कमरेचा दोर हा नाइलाजाचा उपाय होय. बेशुद्ध माणसाला कमरेनें ओढलें तर तो दुमडतो आणि दोन फुटांच्या तोंडांत आडवा अडकतो. खांदे व मांड्या यांना धरणारा पट्टा असावा, त्याचा दोर पाठीवरच्या कडीला असावा, म्हणजे माणूस उभाच्या उभा वर येतो. तोंडावर तीन पायांची घोडी व तिला हातानें फिरविण्याचें चक्र बसविलें कीं एकटा पहारेकरीसुद्धां आपल्याहून जड माणसास वर काढूं शकतो. एरवीं त्यास चार जण लागतात, आणि ते चार जण जमेपर्यंत वेळ निघून जातो. १९४८ च्या कारखाने कायद्यांत यासाठीं छत्तिसावें कलम होतें. जबाबदार माणसानें स्वतः हवा तपासून लेखी दाखला दिल्यावांचून, किंवा उतरणाऱ्याच्या अंगावर श्वसनाचें साधन व कमरेच्या पट्ट्याला दोर, आणि दोराचें दुसरें टोंक बाहेरच्या माणसाच्या हातांत असल्यावांचून, कोणासही आंत जाऊं देऊं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. आंत न्यावयाचा हातदिवा चोवीस व्होल्टांहून अधिक नसावा हेंही त्या कायद्यांत होतें. कायद्यांचीं नांवें व कलमांचे आंकडे पुढें बदलतात. दोराचें दुसरें टोंक बाहेरच्याच्या हातांत पाहिजे, हें बदलण्याचें कारण नाहीं.

त्या बाहेरच्या माणसाविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. तो नुसता पाहुणा नव्हे. त्याला दुसरें काम सांगावयाचें नाहीं. चहा आणावयास पाठवावयाचें नाहीं. आंतल्याशीं त्यानें ठरलेल्या वेळानें बोललें पाहिजे, उत्तर आलें नाहीं कीं चक्र फिरविलें पाहिजे, मदतीसाठीं १०१ किंवा ११२ वर कळविलें पाहिजे. आणि एक गोष्ट, जी माणसाच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे, ती त्यानें मनाशीं आधींच ठरवून ठेविली पाहिजे: कांहीं झालें तरी आपण आंत उडी घ्यावयाची नाहीं.

हें सांगणें निष्ठुर वाटेल. पण आंकडे मोजून पाहावेत. ता. १ नोव्हेंबर २०१८ रोजीं कल्याण पूर्वेस नेतिवलीच्या चक्की नाक्याजवळ एका विहिरीच्या सफाईच्या वेळीं पांच जण मेले. त्यांत दोन जण अग्निशामक दलाचे होते, म्हणजे सुटका करणें हेंच ज्यांचें काम. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्यें दुसऱ्याचा जीव वांचवितांना मेलेल्या सामान्य माणसांच्या स्मरणार्थ चिनीमातीच्या पाट्या बसविलेल्या आहेत. त्यांतली एक ता. १ जुलै १८९५ रोजीं ईस्ट हॅमच्या सांडपाण्याच्या पंपघरांत सोबत्याला काढण्यास गेलेल्या चौघांची आहे. सोबतीही गेला, चौघेही गेले. ईस्ट हॅमपासून वाकडीपर्यंत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला, यंत्रें आलीं, कायदे आले; पण पहिला पडला म्हणून दुसरा धांवतो, ही परंपरा तशीच आहे. पुष्कळदां तो दुसरा पहिल्याचा भाऊ असतो, मुलगा असतो, एकाच खोलींत राहणारा गांवकरी असतो. त्याच्या धैर्यास नांवें ठेवण्याचा अधिकार कोणासही नाहीं. दोष असेल तर घोडी व चक्र न ठेवतां त्याच्यापुढें उडीवांचून दुसरा मार्ग न ठेवणाऱ्याचा.

आतां हा दोष कोणाकडे जातो? कारखान्याला मालक असतो, निरीक्षक असतो. गृहसंस्थेच्या टाकीला कोण असतो? चिटणीस असतो. तो दुष्ट नसतो; दिवसभर नोकरी करून संध्याकाळीं संस्थेचा हिशेब लिहिणारा तो सरळ गृहस्थ असतो. पावसाळा तोंडावर येतो, टाकी भरलेली असते, रहिवासी तक्रार करतात. गाडी बोलावली तर अमुक रुपये, नाक्यावरचे तिघे तरुण बोलावले तर त्याच्या निम्मे. ठेकेदार म्हणतो, साहेब, रोजचें काम आहे. सभेंत खर्चावर वाद होणार हें चिटणिसाला ठाऊक असतें, म्हणून तो दुसरा आंकडा मान्य करतो. त्या दोन आंकड्यांतली वजाबाकी म्हणजेच या सर्व मृत्यूंचें मूळ होय.

गोवंडी येथें डिसेंबर २०१९ मध्यें एका गृहसंस्थेच्या मैल्याच्या टाकींत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्यें न्यायालयानें प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दहा लाखांचा तो आंकडा सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१४ च्या निकालांतला होता. पुढें ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें तो वाढवून, गटारांत मृत्यु आल्यास तीस लाख आणि कायमचें अपंगत्व आल्यास वीस लाख असा केला. गोवंडीच्या त्या तिघींना कशासाठीं भांडावें लागलें हें पाहण्याजोगें आहे. मेलेले कामगार खासगी ठेक्यावर होते, टाकी खासगी होती. म्हणजे एकाचा कामगार नव्हे, दुसऱ्याची टाकी नव्हे, आणि तिसऱ्याचा कायदा नव्हे. असे हात झटकण्यास आतां फारशी जागा राहिलेली नाहीं, हें गृहसंस्थांच्या चिटणिसांनीं वार्षिक सभेंत एकदां वाचून दाखविलें तर खर्चावरचा वाद पुष्कळ लवकर मिटेल.

काम आटोपल्यावरही एक गोष्ट शिल्लक असते. आंत गेलेलीं माणसें व अवजारें मोजून घ्यावयाचीं आणि झांकण बसवावयाचें. ता. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत मुंबईचे नामांकित पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन भागांत पाण्याखालीं दडलेल्या उघड्या तोंडांतून गटारांत पडून वाहून गेले. त्यानंतर अशा तोंडांच्या आंतून, झांकणाच्या खालीं, लोखंडी जाळी बसविण्याचें काम मुंबईंत सुरू झालें. झांकण चोरीस गेलें किंवा कोणी उघडें टाकलें, तरी जाळी माणसाला धरते. ज्या गृहसंस्थेला टाकीचें जुनें झांकण बदलावयाचें आहे तिनें तशी जाळी त्याच वेळीं बसवून घ्यावी. मात्र ती बिजागरीवर उघडणारी व कुलपाची असावी, आणि किल्ली कोणाकडे आहे हें पहारेकऱ्याच्या खोलींत लिहून लावलेलें असावें.